पिक्सेल पट्टीचा हिशेब कुठे चुकतो? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गणपती जवळ आले की ठाणे आणि नवी मुंबईतून येणाऱ्या प्रश्नांत पिक्सेल पट्ट्यांचा वाटा वाढतो. (पिक्सेल पट्टी म्हणजे जिच्यातला प्रत्येक दिवा किंवा दिव्यांचा छोटा गट, म्हणजे पिक्सेल, वेगळ्या रंगात पेटवता येतो अशी एलईडी पट्टी.) या वेळी बहुतेकांची तक्रार एकच आहे: ‘ॲड्रेस लागत नाही.’ उत्तरे वाचण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करावी. पिक्सेलला स्वतःचा नंबर माहीत नसतो. पंगतीत पत्रावळींचा गठ्ठा हातोहात पुढे जातो आणि प्रत्येक जण वरची एक काढून घेतो, तसेच इथे चालते. कंट्रोलरकडून, म्हणजे पट्टी चालवणाऱ्या छोट्या बोर्डाकडून, माहितीची रांग निघते, पहिला पिक्सेल त्यातले पहिले २४ बिट (तीन रंगांचे प्रत्येकी ८) स्वतःकडे ठेवतो आणि उरलेली रांग पुढे सोडतो. ‘ॲड्रेस’ म्हणजे या रांगेतली जागा, एवढेच. तो पट्टीत कुठेही लिहिलेला नसतो.

म्हणून, एखादा दिवाच गेला नसेल तर, बिघाडही दोनच जातींचे असतात: मोजणीचे आणि वायरचे. ओळखायची सोपी रीत अशी. ब्राइटनेस १० टक्क्यांवर आणा आणि सगळीकडे एकच रंग द्या. गडबड त्याच नंबरच्या पिक्सेलपाशी, तशीच शांतपणे टिकून राहिली तर चूक मोजणीत आहे. ती नाहीशी झाली, जागा बदलू लागली किंवा वायरला हात लावल्यावर लुकलुकली तर चूक वायरमध्ये आहे. हे ठरल्याशिवाय पट्टी कापायला घेऊ नका.

प्रश्न : मंडपाच्या कमानीला ५ व्होल्टच्या डब्ल्यूएस२८१२बी पट्टीची दोन बंडले सलग जोडली आहेत. मीटरला ६० प्रमाणे एकूण ६०० पिक्सेल. एक्सलाइट्स या लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरमधून सगळी पट्टी लाल केली की सुरुवातीचा भाग लाल, पुढे निळा, मग हिरवा आणि शेवटचा तुकडा पुन्हा लाल येतो. मधे दोन ठिकाणी एकेक दिवा बंद राहतो. पट्टी बदलून पाहिली, कंट्रोलरही बदलला. फरक नाही. (मंडळाचे कार्यकर्ते, कळवा)

उत्तर : तुमची जुनी पट्टी बहुधा चांगलीच होती, टाकून दिली नसेल तर जपून ठेवा. ही शंभर टक्के मोजणीची चूक आहे, आणि तुम्ही लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की चूक कुठल्या बाजूला आहे तेही सांगता येते.

सॉफ्टवेअर कंट्रोलरला रंगांचे आकडे गठ्ठ्यांनी पाठवते. अशा एका गठ्ठ्याला युनिव्हर्स म्हणतात आणि त्यातल्या एकेका आकड्याच्या जागेला चॅनेल. एका युनिव्हर्समध्ये ५१२ चॅनेल असतात. तीन रंगांच्या पिक्सेलला ३ चॅनेल लागतात. ५१२ ला ३ ने पूर्ण भाग जात नाही: १७० पिक्सेलना ५१० चॅनेल लागतात आणि २ उरतात. या उरलेल्या दोन चॅनेलचे काय करायचे, यावर दोन रिवाज आहेत. काही जण ते रिकामे सोडून १७१वा पिक्सेल पुढच्या युनिव्हर्सच्या पहिल्या चॅनेलपासून सुरू करतात. काही जण ते वापरतात, म्हणजे १७१व्या पिक्सेलचे पहिले दोन रंग एका युनिव्हर्समध्ये आणि तिसरा पुढच्या युनिव्हर्समध्ये. दोन्ही रिवाज चालतात, फक्त सॉफ्टवेअर आणि कंट्रोलर यांचा रिवाज एक हवा.

तुमच्याकडे सॉफ्टवेअर ५१० चे आणि कंट्रोलर ५१२ चा आहे. कंट्रोलर १७१व्या पिक्सेलच्या लाल आणि हिरव्यासाठी पहिल्या युनिव्हर्समधले ५११ व ५१२ हे चॅनेल वाचतो, तिथे शून्य आहे. निळ्यासाठी तो दुसऱ्या युनिव्हर्सचा पहिला चॅनेल वाचतो, आणि तिथे सॉफ्टवेअरने लाल ठेवला आहे. म्हणून १७१ पासून ३४० पर्यंत निळे. ३४१वा पिक्सेल नेमका सांध्यावर सापडतो, त्याच्या वाट्याला तिन्ही शून्ये येतात आणि तो बंद दिसतो. ३४२ ते ५११ हिरवे, ५१२वा पुन्हा बंद. पुढे सरक एकूण ६ चॅनेलची, म्हणजे बरोबर दोन पिक्सेलची होते, म्हणून ५१३ पासून रंग पुन्हा लाल दिसतो. पण हा शेवटचा तुकडाही बरोबर नाही. त्यातले चित्र दोन घरे पुढे सरकलेले आहे आणि सॉफ्टवेअरमधले शेवटचे दोन पिक्सेल पट्टीवर येतच नाहीत. एकाच रंगात हे कळत नाही, पळणारा ठिपका सोडला की कळते.

पडताळा टेपने घ्या. मीटरला ६० च्या पट्टीवर १७० पिक्सेल म्हणजे साधारण २ मीटर ८३ सेंटिमीटर. रंग तिथेच बदलत असेल तर प्रश्न मिटला.

दुरुस्ती: एक्सलाइट्समध्ये कंट्रोलरच्या युनिव्हर्सचा आकार आणि कंट्रोलरच्या स्वतःच्या पानावरचा (ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या सेटिंगच्या पानावरचा) आकार एकच करा. आम्ही दोन्हीकडे ५१० ठेवायला सांगू, कारण मग सांधा पिक्सेलच्या मधोमध येत नाही आणि पुढचा बिघाड शोधताना आकडे तोंडी मांडता येतात. ६०० पिक्सेलना १८०० चॅनेल, म्हणजे चार युनिव्हर्स: १७०, १७०, १७० आणि ९०.

उलटी चूकही होते, म्हणजे सॉफ्टवेअर ५१२ चे आणि कंट्रोलर ५१० चा. तेव्हा लालनंतर आधी हिरवा, मग निळा येतो आणि मधे एकही दिवा बंद राहत नाही. रंगांचा क्रम पाहूनच कोणती बाजू बदलायची ते ठरवता येते.

प्रश्न : १२ व्होल्टची डब्ल्यूएस२८११ पट्टी घेतली. पाकिटावर ५ मीटर, ३०० एलईडी असे आहे. सेटिंगमध्ये ३०० भरले. पळणारा ठिपका टोकाला पोचतो आणि मग बराच वेळ काहीच दिसत नाही. एक ठिपका लावला तरी तीन दिवे पेटतात. (कोपरखैरणे)

उत्तर : या पट्टीत तीन एलईडींना मिळून एक चिप असते. तीन दिवे म्हणजे एक पिक्सेल. ३०० एलईडींचे १०० पिक्सेल झाले, तेव्हा सेटिंगमध्ये १०० भरा. ठिपका उरलेली २०० घरे पट्टीबाहेर चालत होता, म्हणून ती लांबलचक वाट पाहावी लागत होती. गोंधळ वाढतो तो आणखी एका योगायोगाने: १०० पिक्सेलना चॅनेलही ३०० च लागतात. एलईडी, पिक्सेल आणि चॅनेल ही तीन वेगळी मापे आहेत, कागदावर तीन रकान्यांत लिहा.

घेतानाच ओळखायचे असेल तर कापायच्या खुणा बघा. कात्रीची रेघ दर तीन दिव्यांनंतर असेल तर गट तीनचा, प्रत्येक दिव्यानंतर असेल तर प्रत्येक दिवा स्वतंत्र. विक्रेता काय सांगतो त्यापेक्षा ही रेघ खरी.

प्रश्न : डब्ल्यूएलईडी हे सॉफ्टवेअर टाकलेला कंट्रोलर आहे. त्याच्या स्वतःच्या पानावरून सगळे रंग बरोबर येतात. लॅपटॉपवरून लाल पाठवला की निळा येतो. हिरवा किंवा निळा पाठवला की सगळी पट्टी बंद! पांढरा मात्र बरोबर. (ऐरोली)

उत्तर : कलर ऑर्डर (रंगांचा क्रम) बदलत बसू नका, ती बरोबरच आहे, नाहीतर कंट्रोलरच्या पानावरूनही रंग चुकले असते. तुमच्या सिंक सेटिंगमध्ये डीएमएक्स मोड, म्हणजे आलेले चॅनेल कसे वाचायचे ते ठरवणारा पर्याय, ‘मल्टी डीआरजीबी’ असा निवडला गेला आहे. त्यातला पहिला ‘डी’ म्हणजे डिमर. या मोडमध्ये पहिला चॅनेल सगळ्या पट्टीचा ब्राइटनेस ठरवतो आणि रंग दुसऱ्या चॅनेलपासून सुरू होतात. लॅपटॉप मात्र पहिल्या चॅनेलवर पहिल्या पिक्सेलचा लाल पाठवतो. लाल पाठवलात की डिमर पूर्ण उघडतो आणि रंग एक घर सरकून निळा दिसतो. हिरवा पाठवलात की पहिला चॅनेल शून्य, म्हणजे डिमर शून्य, म्हणजे अंधार. ‘मल्टी आरजीबी’ निवडा, स्टार्ट ॲड्रेस १ ठेवा, सेव्ह करा.

प्रश्न : दोन कंट्रोलर आहेत. दुसऱ्या पट्टीवर पहिलीचे चित्र येते, पहिली बंद. (वाशी)

उत्तर : मोजणी कुठून सुरू करायची याचा घोळ आहे. नेटवर्कवरून युनिव्हर्स पाठवण्याच्या दोन पद्धती (प्रोटोकॉल) आहेत: आर्ट-नेट आणि एसएसीएन. आर्ट-नेटमध्ये युनिव्हर्सची मोजणी ० पासून असते, एसएसीएनमध्ये १ पासून. काही सॉफ्टवेअर आर्ट-नेटलाही १ पासूनचे आकडे दाखवतात आणि पाठवताना आतल्या आत १ वजा करतात. दोन्ही टोकांना तोच प्रोटोकॉल आहे ना ते पाहा, मग एका बाजूचा स्टार्ट युनिव्हर्स १ ने खालीवर करून बघा. दोन मिनिटांचे काम आहे.

प्रश्न : फॉल्स सीलिंगच्या खोबणीत पट्टी बसवली, ५ मीटर, ३०० दिवे. लाल रंग दिला की लाल, हिरवट पांढरा, निळा असे तीन दिवे आळीपाळीने येतात आणि शेवटचा चतुर्थांश भाग पेटतच नाही. (घणसोली)

उत्तर : तुम्ही घेतलेली पट्टी चार रंगांची आहे, लाल-हिरव्या-निळ्याबरोबर वेगळा पांढरा असलेली, बहुधा एसके६८१२. सेटिंग मात्र तीन रंगांचे राहिले. पंगतीत प्रत्येकाने एक पत्रावळ घ्यायची ठरलेली असताना सगळ्यांनी थोडी जास्तच घेतली तर शेवटचे उपाशी राहतात, तेच झाले. ३०० पिक्सेलसाठी प्रत्येकी ३ प्रमाणे ९०० आकडे निघाले. पट्टी प्रत्येकी ४ घेते. ९०० भागिले ४ म्हणजे २२५. शेवटचे ७५ दिवे अंधारात, तुमचा चतुर्थांश तो हाच. तीन दिव्यांचा आळीपाळीचा नमुनाही ३ आणि ४ च्या या ओढाताणीतून येतो, चिप खराब नाही.

प्रकार ‘एसके६८१२ आरजीबीडब्ल्यू’ निवडा. लॅपटॉपवरून चालवणार असाल तर एका युनिव्हर्समध्ये अशा पट्टीचे १२८ पिक्सेल मावतात. ४ गुणिले १२८ बरोबर ५१२, उरत काही नाही, त्यामुळे कळव्याच्या वाचकांना झालेला त्रास तुम्हाला होणार नाही.

प्रश्न : खाडीकडच्या गॅलरीत लावलेल्या पट्टीत ४३व्या दिव्यानंतर सगळे बंद झाले. इलेक्ट्रिशियनने खराब दिवा ओलांडून डेटाची वायर थेट पुढच्या दिव्याला लावली. आता पुढचे दिवे पेटतात, पण चित्र एक घर सरकले आहे. (नेरूळ)

उत्तर : इलेक्ट्रिशियनने केले ते तात्पुरते ठीक आहे. मधला एक जण पंगतीतून उठला की त्याची पत्रावळ पुढच्याला जाते, म्हणून सगळे एक घर सरकले. तात्पुरता उपाय सॉफ्टवेअरमध्ये करा: मॉडेलमधून, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या पट्टीच्या नकाशातून, तेवढा एक पिक्सेल वगळा आणि एकूण संख्या १ ने कमी करा. कायमचा उपाय म्हणजे कापायच्या खुणांवर तो दिवा कापून त्याच जातीच्या पट्टीतला एक दिवा सोल्डर करणे. पट्टीवरचा बाण कंट्रोलरकडून बाहेरच्या दिशेने हवा, उलटा बसवला तर पुन्हा अंधार.

कापण्याआधी एक तपासा. बंद पडलेला पहिला दिवा दोषी असतोच असे नाही. त्याच्या आधीच्या, म्हणजे शेवटच्या पेटणाऱ्या दिव्याची बाहेर जाणारी बाजूही गेलेली असू शकते. ४३व्या दिव्याच्या डेटा-आउटवरून एक छोटी वायर ४५व्याच्या डेटा-इनला टेकवा. पुढचे पेटले तर ४४वा खराब. पेटले नाहीत तर ४२व्याच्या डेटा-आउटवरून ४४व्याच्या डेटा-इनला टेकवा. तेव्हा पेटले तर ४३वा खराब. वायर टेकवताना ५ व्होल्टच्या पॅडला लागू देऊ नका.

आणि गॅलरी खाडीकडे आहे म्हणता, तर सांध्यांच्या तांब्यावर हिरवट थर आला असेल. तो जुन्या टूथब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढा, नवा सोल्डर द्या आणि न्यूट्रल सिलिकॉनने बंद करा. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन लावू नका, ते तांबे खाते. तिथे पुढच्या वेळी १२ व्होल्टची डब्ल्यूएस२८१५ घ्या. तिच्यात डेटाची एक जादा वायर असते, त्यामुळे एखादा पिक्सेल गेला तरी पुढचे चालू राहतात आणि त्यांची जागाही सरकत नाही.

प्रश्न : सोसायटीच्या गेटवर पट्टी आणि वॉचमनच्या केबिनमध्ये ईएसपी३२ चा कंट्रोलर, मधे ८ मीटर वायर. मंद प्रकाशात सगळे नीट चालते. ब्राइटनेस वाढवला की पहिल्या दिव्यापासून कुठेही कसलेही रंग उडतात. ॲड्रेस दहा वेळा तपासला. (घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : अकराव्यांदा तपासू नका. ब्राइटनेसबरोबर बदलणारा दोष मोजणीचा नसतो. इथे तीन कारणे एकत्र आली आहेत.

पहिले, ईएसपी३२ डेटा ३.३ व्होल्टने पाठवतो. ५ व्होल्टवर चालणाऱ्या डब्ल्यूएस२८१२बीला ‘१’ समजण्यासाठी पुरवठ्याच्या ०.७ पट, म्हणजे ३.५ व्होल्ट हवे असतात. टेबलावर छोट्या वायरने हे निभावून जाते, ८ मीटरवर जात नाही.

दुसरे, निगेटिव्ह. पॉवर सप्लायपासून गेटपर्यंतची निगेटिव्ह वायर बारीक असेल तर ब्राइटनेस वाढल्यावर तिच्यातच अर्धापाऊण व्होल्ट पडतो. पट्टीचे शून्य तेवढे वर चढते आणि ३.३ व्होल्टचा डेटा पट्टीला अडीच-पावणेतीन व्होल्टचाच दिसतो. मंद असताना चालते आणि उजळल्यावर बिघडते ते यामुळे. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक कंट्रोलरच्या निगेटिव्हला, दुसरे पट्टीच्या पहिल्या दिव्याच्या निगेटिव्ह पॅडला लावा आणि ब्राइटनेस वाढवत न्या. आकडा ०.२ च्या वर चढताना दिसला की वायर जाड करायची.

तिसरे, डेटाची एकटी लांब वायर अँटेनासारखी वागते.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे कंट्रोलर आणि पॉवर सप्लाय दोन्ही गेटजवळ पावसापासून बंद पेटीत हलवणे आणि केबिनमधून फक्त २३० व्होल्टची लाइन आरसीसीबीमधून (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचमधून) नेणे. डेटाची वायर मग अर्ध्या मीटरची होते. कंट्रोलरच्या पिनेनंतर डेटा ३.३ वरून ५ व्होल्टवर चढवणारी ७४एएचसीटी१२५ ही चिप ५ व्होल्टवर लावा, तिच्या आउटपुटला ३३० ओहमचा रेझिस्टर, आणि पट्टीच्या सुरुवातीला पॉझिटिव्ह-निगेटिव्हमध्ये १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. डेटा आणि निगेटिव्ह या दोन वायरी एकमेकींना पीळ देऊन न्या.

दुकानात चिप मागताना नावातला ‘टी’ विसरू नका. ७४एएचसी१२५ दिसते तशीच, पण तिलाही आत ३.५ व्होल्टच हवे असतात, म्हणजे दुखणे तसेच राहते. ‘लेव्हल कन्व्हर्टर’ म्हणून मिळणारे चार वाटांचे छोटे मॉसफेटचे मॉड्यूलही इथे घेऊ नका. ते मंद गतीच्या सेन्सरसाठी असते, पिक्सेलचा डेटा सेकंदाला ८ लाख बिटांनी जातो आणि त्यात सिग्नलच्या कडा गोल होऊन सगळे बिघडते.

दोन पॉवर सप्लाय वापरत असाल तर त्यांचे निगेटिव्ह एकमेकांना जोडलेले हवेतच. पॉझिटिव्ह मात्र जोडू नका, जिथे दुसरा सप्लाय सुरू होतो तिथे पट्टीचा पॉझिटिव्ह तोडा.

प्रश्न : घरच्या मखरामागे १६ बाय १६ चे पॅनेल लावले. ‘श्री’ लिहिला तर एकाआड एक ओळ उलटी येते. शिवाय खालच्या काही ओळींत रंगच वेगळे आहेत. (नौपाडा, ठाणे)

उत्तर : दोन वेगळे दोष आहेत, एकेक करून सोडवा.

ओळी उलट्या येतात कारण पॅनेलमधली वायर नागमोडी जाते. पहिली ओळ १ ते १६ डावीकडून उजवीकडे, दुसरी १७ ते ३२ उजवीकडून डावीकडे. सॉफ्टवेअरमध्ये ‘सर्पेंटाइन’ किंवा ‘झिगझॅग’ चालू करा. त्याआधी एकच पांढरा ठिपका सावकाश चालवा आणि समोर उभे राहून कागदावर लिहा: पहिला दिवा कोणत्या कोपऱ्यात, सतरावा कुठे. समोर उभे राहून, हे महत्त्वाचे. वायरिंग पाठीमागून केलेले असते आणि पाठीमागून पाहिलेला डावा कोपरा समोरून उजवा होतो. पॅनेलच्या सेटिंगमध्ये सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

रंग बदलतात ती जागा मोजा. वरून दहा ओळींचे १६० दिवे झाले, १७०वा दिवा अकराव्या ओळीतला दहावा. रंग अकराव्या ओळीत दहा दिव्यांनंतर बदलत असेल तर मांडणीला हात लावू नका, पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातला ५१० आणि ५१२ चा फरक काढा. २५६ पिक्सेलना ७६८ चॅनेल लागतात, पहिल्या युनिव्हर्समध्ये १७० आणि दुसऱ्यात ८६. दुसरा युनिव्हर्स सॉफ्टवेअरमध्ये जोडलाच नसेल तर तिथून पुढे रंग बदलण्याऐवजी दिवे बंद राहतील किंवा आधीचे चित्र गोठून राहील.

पूर्ण पांढऱ्या प्रकाशात असे पॅनेल कागदावर १५ अँपियर मागते. घरात मूर्तीमागे एवढा उजेड लागत नाही. डब्ल्यूएलईडीमध्ये करंटची मर्यादा ३००० मिलिअँपियर घाला, पॅनेलच्या दोन्ही पॉवर वायरी वापरा आणि पाठीला कापूस किंवा थर्माकोल चिकटू देऊ नका.